सी मधले रजिस्टर व्हेरिएबल आणि कंपायलरचे ऑप्टिमायझेशन: कुठे काय बदलते आणि ते कसे तपासायचे

डिप्लोमा असो की इंजिनिअरिंगचे पहिले वर्ष, सी च्या पेपरात स्टोरेज क्लासवर प्रश्न येतोच. ‘रजिस्टर’पुढे ठरलेले उत्तर लिहिले जाते: व्हेरिएबल सीपीयूच्या रजिस्टरमध्ये राहते, म्हणून प्रोग्रॅम वेगाने चालतो. हे उत्तर ज्या कंपायलरांना लागू होते ते केव्हाच मागे पडले. आज जीसीसी कंपायलरला -ओ२ हा ऑप्टिमायझेशनचा पर्याय दिला की हा शब्द असला काय नि नसला काय, बाहेर पडणारा मशीन कोड बहुतेक वेळा तोच असतो.

मूळ प्रश्न मात्र शिल्लक राहतो. ऑप्टिमायझेशन चालू करताच फ्लॅग बदललेला दिसत नाही, डिले लूप नाहीसा होतो, डीबगर किंमत दाखवत नाही, लाँगजंपनंतर (म्हणजे सेटजंपने आधी नोंदलेल्या जागी थेट उडी मारल्यावर) जुनीच किंमत परत येते. या सगळ्या तक्रारींची मुळे एकाच जागी आहेत. व्हेरिएबल मेमरीत ठेवायचे, रजिस्टरमध्ये ठेवायचे की अजिबात ठेवायचे नाही, हे कंपायलर ठरवतो. त्याचा निकष एकच: या व्हेरिएबलकडे आपल्या नजरेआड दुसरे कोणी पाहू शकते का? तसे कोणी नाही हे त्याला सिद्ध करता आले, तर तो न सांगताही ते रजिस्टरमध्ये ठेवतो. सिद्ध करता आले नाही, तर तुमच्या शिफारशीने काही होत नाही.

वाचताना एक लक्षात ठेवा. कोड आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरे आणि अंक वापरा. ‘-ओ२’ मधला ओ आणि ‘-एस’ मधला एस ही दोन्ही कॅपिटल अक्षरे आहेत. आउटपुट फाइलचे नाव देणारा ‘-ओ’ मात्र स्मॉल.

शब्दामागचा इतिहास, थोडक्यात

डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सी घडवली, तेव्हा समोर पीडीपी-११ हे यंत्र होते. त्यात ८ रजिस्टर होती. त्यातली प्रोग्रॅम काउंटर, स्टॅक पॉइंटर, फ्रेम पॉइंटर आणि हिशेबाच्या मधल्या किमतींसाठीची रजिस्टर वजा केली, तर प्रोग्रॅमरच्या वाट्याला तीन उरत. कंपायलर लहान होता. कोणते व्हेरिएबल जास्त वापरले जाते हे शोधण्याएवढी मेमरीही नव्हती आणि वेळही नव्हता, म्हणून तो निर्णय प्रोग्रॅमरवर सोपवला. पहिल्या तीन रजिस्टर घोषणा मानल्या जात, चौथीपासून पुढच्या साध्या व्हेरिएबलसारख्या.

आपल्याकडे वर्षानुवर्षे लॅबमध्ये चाललेल्या टर्बो सी मध्ये या कामासाठी दोनच रजिस्टर होती, एसआय आणि डीआय, दोन्ही १६ बिटची. फ्लोट व्हेरिएबलला रजिस्टर लिहिले तर ते मानलेच जात नसे. पाठ्यपुस्तकातला ‘वेग वाढतो’ हा अनुभव त्या काळच्या कंपायलरांचा आहे.

पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये ग्रेगरी चेटिन आणि सहकाऱ्यांनी ग्राफ कलरिंगने रजिस्टर वाटण्याची पद्धत मांडली. कोणती किंमत कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत जिवंत आहे हे काढायचे, एकाच वेळी जिवंत असलेल्या किमती वेगवेगळ्या रजिस्टरांत बसवायच्या, आणि ज्या बसणार नाहीत त्या स्टॅकवर, म्हणजे मेमरीत, पाठवायच्या. आजचे कंपायलर याच विचाराचे वंशज आहेत. हे काम माणसापेक्षा ते चांगले करतात, कारण एकच व्हेरिएबल फंक्शनच्या पहिल्या भागात एका रजिस्टरमध्ये, मध्ये स्टॅकवर आणि शेवटी तिसऱ्याच रजिस्टरमध्ये ठेवायची सोय त्यांना आहे. प्रोग्रॅमरचा रजिस्टर हा शब्द व्हेरिएबलच्या सगळ्या आयुष्याला एकदाच लागतो.

स्टँडर्ड काय बांधून घेते

सी स्टँडर्डप्रमाणे रजिस्टर म्हणजे ‘या व्हेरिएबलपर्यंत शक्य तितक्या लवकर पोहोचता यावे’ अशी सूचना. ती किती मानायची हे कंपायलरने ठरवायचे. बंधनकारक भाग दुसराच आहे: अशा व्हेरिएबलचा ॲड्रेस घेता येत नाही. ते खरोखर रजिस्टरमध्ये असो वा नसो, ‘&’ लावला की कंपाइल होणार नाही. विद्यार्थ्यांना हा एरर सर्वात आधी भेटतो तो स्कॅनएफमध्ये. रजिस्टर इंट एन लिहून खाली स्कॅनएफला &एन दिले, की जीसीसी ‘ॲड्रेस ऑफ रजिस्टर व्हेरिएबल एन रिक्वेस्टेड’ म्हणून थांबतो. साध्या व्हेरिएबलमध्ये वाचा, मग किंमत पुढे द्या.

ॲरेला रजिस्टर लावू नका. ॲरेचे नाव वापरताच त्याचा पॉइंटर होतो, आणि रजिस्टर ॲरेच्या बाबतीत त्याचे वर्तन स्टँडर्डने ठरवून दिलेले नाही. साइझऑफपलीकडे त्याचा फारसा उपयोग करता येत नाही. फंक्शनबाहेरच्या ग्लोबल व्हेरिएबलला हा शब्द चालत नाही, फंक्शनच्या पॅरामीटरला चालतो.

आणखी एक बारकावा सी ११ पासून स्टँडर्डमध्ये आहे. ज्या लोकल व्हेरिएबलचा ॲड्रेस कुठेच घेतलेला नाही, म्हणजे ज्याला रजिस्टर लावता आले असते, ते किंमत न देता वाचले तर वर्तन अनिश्चित ठरते. ‘काहीतरी कचरा किंमत मिळेल, बाकी काही नाही’ हा समज चुकीचा आहे. ऑप्टिमायझर अशा वाचनाभोवतीची अट सरळ एका बाजूने सोडवून टाकू शकतो.

पायरी १: फरक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

बेरीज.सी नावाची फाइल करा. त्यात रजिस्टर हा शब्द थेट न लिहिता ‘आरईजी’ असा मॅक्रो लिहा, म्हणजे एकाच फाइलमधून दोन्ही प्रकार काढता येतील.

इंट बेरीज(इंट एन)
{
    आरईजी इंट आय;
    आरईजी इंट एस = ०;
    फॉर (आय = ०; आय < एन; आय++)
        एस += आय;
    रिटर्न एस;
}

आता असेंब्ली काढा (-ओ० म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद; डिफ दोन फाइलमधला फरक दाखवतो):

जीसीसी -ओ० -एस -डीआरईजी= बेरीज.सी -ओ साधा.एस
जीसीसी -ओ० -एस -डीआरईजी=रजिस्टर बेरीज.सी -ओ रजि.एस
डिफ साधा.एस रजि.एस

मॅक्रो देणारा -डी कॅपिटल, आणि पहिल्या ओळीत बरोबरच्या चिन्हापुढे काहीच लिहायचे नाही. दोन वेगळ्या सोर्स फाइल केल्या तर असेंब्लीत फाइलचे नाव बदलते आणि डिफ उगाच फरक दाखवतो. मॅक्रोची वाट धरल्याने तो घोळ टळतो.

६४ बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर, लिनक्समध्ये, -ओ० ला फरक ठळक दिसेल. साध्या प्रकारात आय आणि एस स्टॅकवर असतात, आरबीपी या फ्रेम पॉइंटरच्या खाली ४ आणि ८ बाइटवर. लूपच्या प्रत्येक फेरीत आय मेमरीतून वाचला जातो, एसमध्ये मेमरीतच मिळवला जातो, आयमध्ये मेमरीतच एक वाढवला जातो आणि तुलनेसाठी पुन्हा वाचला जातो. रजिस्टर प्रकारात फंक्शनच्या सुरुवातीला आरबीएक्स आणि आर१२ ही रजिस्टर स्टॅकवर पुश होतात, लूपमध्ये या दोघांतच बेरीज चालते आणि शेवटी ती रजिस्टर पॉप होतात. एन मात्र अजूनही मेमरीतून वाचला जातो. त्याला रजिस्टर लावलेले नाही आणि -ओ० ला जीसीसी आपणहून काही करत नाही.

हा प्रकार मोजला तर -ओ० ला रजिस्टर व्हर्जन खरेच वेगवान निघते. कारण प्रत्येक फेरीची बेरीज आधीच्या फेरीच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि ते उत्तर मेमरीत लिहून लगेच वाचायचे म्हणजे बऱ्याच प्रोसेसरांवर साधारण ४ ते ५ सायकल जातात. रजिस्टरमधली बेरीज एका सायकलची. ‘रजिस्टरने फरक पडतो’ असे दाखवणारी बहुतेक उदाहरणे याच स्थितीत चालवलेली असतात: जीसीसी, आणि ऑप्टिमायझेशनचा पर्यायच दिलेला नाही.

आता त्याच कमांडमध्ये -ओ० च्या जागी -ओ२ घाला. डिफ काहीच छापणार नाही.

मग जीसीसीच्या जागी क्लँग हा दुसरा कंपायलर घालून -ओ० पुन्हा चालवा. क्लँग ॲड्रेस न घेण्याचा नियम पाळतो, पण जागेबद्दलची सूचना -ओ० लाही मानत नाही. दोन्ही प्रकारांत व्हेरिएबल स्टॅकवरच. मायक्रोसॉफ्टचा कंपायलरही रजिस्टरची विनंती स्वीकारत नाही, रजिस्टर कोणाला द्यायचे ते तो स्वतः ठरवतो. क्लँगला -ओ२ दिले तर या उदाहरणात लूपच उरत नाही. शून्यापासून एन वजा एकपर्यंतची बेरीज तो सूत्राने, एका गुणाकारात काढतो. आय कोणत्या रजिस्टरमध्ये आहे हा प्रश्नच निकालात निघतो, कारण आय नावाची कोणतीही वस्तू तयार कोडमध्ये नाही.

म्हणून पहिला नियम: वेगाबद्दलचा कोणताही निष्कर्ष -ओ० वर काढू नका. आणि मोजायचे फंक्शन असे निवडा की त्याचे उत्तर पुढे छापले जाईल किंवा वापरले जाईल. न वापरलेल्या उत्तराचा हिशेब ऑप्टिमायझर पूर्ण उडवतो, आणि शून्य वेळ मोजून तुम्ही खूश व्हाल.

पायरी २: व्हेरिएबलला मेमरीत कोण अडकवते ते शोधा

शब्दापेक्षा इथे लक्ष द्या. वेग मिळतो तो इथून. लोकल व्हेरिएबल रजिस्टरमध्ये जाण्याच्या आड येणारी नेहमीची कारणे तीन आहेत: त्याचा ॲड्रेस बाहेर गेला, पॉइंटर कशाकडे बोट दाखवतो ते कळत नाही, किंवा रजिस्टर पुरत नाहीत.

ॲड्रेस बाहेर जाण्याचे साधे उदाहरण पुन्हा स्कॅनएफच. &एन एकदा दुसऱ्या फंक्शनला दिला, की तो ॲड्रेस त्याने कुठे जपून ठेवला असेल का हे कंपायलरला कळत नाही. त्यानंतर ज्या ज्या फंक्शनचा आतला कोड त्याला दिसत नाही, त्याच्या प्रत्येक कॉलनंतर एन मेमरीतून पुन्हा वाचावा लागतो. उपाय एका ओळीचा: स्कॅनएफनंतर इंट मर्यादा = एन लिहा आणि पुढे सगळीकडे मर्यादा वापरा. तिचा ॲड्रेस कोणाकडेच नाही.

पॉइंटरचा गुंता जास्त फसवा असतो. हे फंक्शन पाहा:

व्हॉइड वाढव(इंट *ए, इंट *एन)
{
    फॉर (इंट आय = ०; आय < *एन; आय++)
        ए[आय] += ५;
}

वाचणाऱ्या माणसाला स्पष्ट दिसते की एन ही फक्त लांबी आहे. कंपायलरला ते दिसत नाही. ए आणि एन दोन्ही इंट पॉइंटर. ए मधला एखादा घटक म्हणजेच एन जिथे आहे ती जागा असू शकते. म्हणून प्रत्येक फेरीत ए[आय] लिहून झाल्यावर *एन पुन्हा वाचला जातो. एकूण फेऱ्या आधी कळत नसल्याने चार किंवा आठ घटक एकदम हाताळणारा व्हेक्टर कोडही तयार होत नाही. लूपआधी *एन लोकल व्हेरिएबलमध्ये घेतला की दोन्ही अडचणी सुटतात. पॅरामीटरला रिस्ट्रिक्ट (या पॉइंटरच्या जागेला दुसऱ्या वाटेने कोणी हात लावत नाही असे सांगणारा शब्द) लावूनही हेच साधते, पण रिस्ट्रिक्ट हे तुम्ही दिलेले वचन आहे. कोणी ते मोडून एकमेकांवर चढणाऱ्या जागा दिल्या, तर चूक कॉल करणाऱ्याकडे आणि चुकीचे उत्तर तुमच्या फंक्शनमधून. लोकल प्रत घेणे बहुतेक वेळा अधिक सुरक्षित वाटते, कारण अर्थ वाचणाऱ्यालाही तिथेच दिसतो.

ग्लोबल व्हेरिएबलमध्ये बेरीज करणाऱ्या लूपचा दोष तोच. ‘एकूण’ हा ग्लोबल इंट आणि ए हा इंट पॉइंटर असेल, तर एकूण += ए[आय] ची प्रत्येक फेरी मेमरीत लिहिली जाते. ए ला कॉन्स्ट लावल्याने काही फरक पडत नाही. कॉन्स्टचा अर्थ ‘या पॉइंटरमधून लिहिणार नाही’ इतकाच, ‘दुसरे कोणी ती जागा बदलणार नाही’ असा नाही. लोकल बेरीज करा आणि लूप संपल्यावर एकदाच ग्लोबलमध्ये ठेवा.

दोन पॉइंटर वेगवेगळ्या प्रकारांचे असले, उदाहरणार्थ इंट आणि डबल, तर -ओ२ पासून कंपायलर प्रकारावरून धरून चालतो की ते एकाच जागेकडे नाहीत. कॅरेक्टर पॉइंटर याला अपवाद आहे, तो कोणत्याही वस्तूकडे बोट दाखवू शकतो. यूइंट८_टी सर्रास अनसाइन्ड कॅरेक्टरच असतो, त्यामुळे बाइट बफर भरणारा कोड इथे हमखास सापडतो. एस->बफ[एस->लेन++] = बी ही सिरियल पोर्टच्या किंवा प्रोटोकॉलच्या कोडमध्ये नेहमी दिसणारी ओळ घ्या. बाइट लिहिला की त्याने एस या स्ट्रक्चरमधला बफ पॉइंटर किंवा लेन बदलले असेल, अशी शंका कंपायलरला घ्यावीच लागते. पुढच्या फेरीत बफ आणि लेन दोन्ही पुन्हा मेमरीतून. लूपआधी पॉइंटर आणि लेन लोकलमध्ये घ्या, लूपमध्ये तेच वापरा, शेवटी एस->लेन परत लिहा. रजिस्टर हा शब्द कुठेही न लिहिता दोन्ही किमती रजिस्टरमध्ये जातील.

पायरी ३: रजिस्टर पुरतात का ते पाहा

३२ बिट एक्स८६ मध्ये सामान्य कामाची ८ रजिस्टर, त्यातले एक स्टॅक पॉइंटर. ६४ बिटमध्ये १६, म्हणजे स्टॅक पॉइंटर वगळून १५. ६४ बिट एआरएममध्ये ३१. रिस्क-व्ही मध्ये ३२, पण पहिले कायम शून्य. एव्हीआर मायक्रोकंट्रोलरमध्येही ३२ आहेत, मात्र प्रत्येक ८ बिटचे; एक इंट दोन रजिस्टर घेतो आणि एक लाँग चार. एआरएमच्या छोट्या कॉर्टेक्स-एम० मध्ये बऱ्याच मशीन सूचना (इन्स्ट्रक्शन) फक्त आर० ते आर७ वरच चालतात.

लूपमध्ये फंक्शन कॉल असला की हिशेब आणखी आखडतो. लिनक्सच्या ६४ बिट एक्स८६ नियमांप्रमाणे कॉलमधून सुखरूप परत येतात ती सहाच: आरबीएक्स, आरबीपी आणि आर१२ ते आर१५. ६४ बिट विंडोजवर आरडीआय आणि आरएसआय धरून आठ. लूपमध्ये प्रिंटएफ असेल आणि कॉलच्या पलीकडे दहा किमती जिवंत राहायच्या असतील, तर चार स्टॅकवर जाणारच. याला स्पिल म्हणतात.

स्पिल शोधायला क्लँग सोयीचा. त्याच्या असेंब्लीत अशा सूचनेपुढे ‘४-बाइट स्पिल’ किंवा ‘४-बाइट रीलोड’ अशी टीप असते. जीसीसीला -एफव्हर्बोस-एएसएम दिले तर प्रत्येक सूचनेपुढे व्हेरिएबलचे नाव येते आणि स्पिलच्या जागी टक्के चिन्हासह ‘एसएफपी’ दिसतो. सगळ्यात आतल्या लूपमध्ये स्पिल असेल तरच त्याची काळजी करा. लूपबाहेर दोन-चार स्पिल असल्याने काही बिघडत नाही.

स्पिल कमी करायचे काही मार्ग आहेत. व्हेरिएबल वापराच्या जवळ घोषित केले की कोड वाचायला सोपा होतो, पण ऑप्टिमायझरला घोषणेच्या जागेने फरक पडत नाही. किंमत काढणे आणि वापरणे यांतले अंतर कमी करायला हवे. एकच लूप चार असंबंधित बेरजा करत असेल तर त्याचे दोन लूप करून पाहा. आतला लहान फंक्शन कॉल इनलाइन होईल (कॉलच्या जागी फंक्शनचा कोडच बसेल) असे बघा, म्हणजे स्टॅटिक करून त्याच फाइलमध्ये ठेवा. -ओ३ ने लूप उलगडून रजिस्टरांवर ताण आणला असेल तर त्या फाइलपुरते -ओ२ वापरून मोजा. -ओ३ नेहमीच जास्त वेगवान असतो असे नाही.

जिथे वेगाऐवजी उत्तरच बदलते

लिनक्सवर सिग्नल हँडलर किंवा मायक्रोकंट्रोलरवर इंटरप्ट रूटीन एक ग्लोबल फ्लॅग १ करते, आणि मेन फंक्शनमध्ये व्हाइल (!थांब); असा लूप त्याची वाट पाहतो. -ओ० ला हे चालते, कारण प्रत्येक फेरीत फ्लॅग मेमरीतून वाचला जातो. -ओ२ ला कंपायलर पाहतो की लूपच्या आत थांब कोणी बदलत नाही. तो फ्लॅग एकदाच रजिस्टरमध्ये वाचतो, शून्य असेल तर स्वतःवरच उडी मारणारी एक सूचना ठेवतो. प्रोग्रॅम तिथेच अडकतो.

या बगचा एक खास स्वभाव आहे. तपासायला लूपमध्ये प्रिंटएफ टाकला की तो नाहीसा होतो! प्रिंटएफचा आतला कोड कंपायलरला दिसत नाही, तो ग्लोबल फ्लॅग बदलू शकेल अशी शक्यता धरून फ्लॅग पुन्हा वाचला जातो. प्रिंटएफ काढला की बग हजर. असे दिसले की व्होलाटाइल (प्रत्येक वेळी मेमरीतूनच वाचा-लिहा असे कंपायलरला बजावणारा शब्द) लिहायचे राहिले असे समजा. सिग्नलसाठी व्होलाटाइल सिग_ॲटॉमिक_टी वापरा, इंटरप्टसाठी व्होलाटाइल. ८ बिटच्या चिपवर १६ बिटची किंमत दोन तुकड्यांत वाचली जाते आणि मधेच इंटरप्ट येऊ शकतो. तिथे वाचताना इंटरप्ट क्षणभर बंद ठेवा. दोन थ्रेडमध्ये मात्र व्होलाटाइल पुरत नाही, तिथे सी ११ चा _ॲटॉमिक हवा.

डिले लूपची गोष्ट याच जातीची. फॉर (आय = ०; आय < १००००; आय++); या लूपचा बाहेर कोणताच परिणाम नाही, म्हणून ऑप्टिमायझेशन चालू करताच तो उडतो आणि एलईडी लुकलुकायचा थांबून सतत पेटलेला दिसतो. काउंटर व्होलाटाइल केला तर लूप टिकतो, पण वेळेचा भरवसा राहत नाही. हार्डवेअर टायमर वापरा. एव्हीआरवर यूटिल/डिले.एच मधली डिले फंक्शने आहेत, आणि त्यांची अट उलटी आहे: ऑप्टिमायझेशन चालू असेल तरच त्यांचे वेळेचे गणित बरोबर येते. -ओ० ला तीच फंक्शने मागितल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ घेतात.

सेटजंप आणि लाँगजंप वापरणाऱ्यांनी आणखी सावध राहायला हवे. सेटजंपच्या वेळी रजिस्टरांची नोंद होते, लाँगजंप ती नोंद परत भरतो. मधल्या काळात लोकल व्हेरिएबल बदलले असेल, तर मेमरीतले नव्या किमतीसह राहते आणि रजिस्टरमधले जुन्या किमतीवर परत जाऊ शकते. कोणते कुठे होते हे ऑप्टिमायझेशनवर ठरते, म्हणून तोच प्रोग्रॅम -ओ० ला एक आणि -ओ२ ला दुसरे उत्तर देऊ शकतो. स्टँडर्डने हे आधीच सांगून ठेवले आहे: सेटजंप बोलावणाऱ्या फंक्शनमधले, मधल्या काळात बदललेले आणि व्होलाटाइल नसलेले लोकल व्हेरिएबल लाँगजंपनंतर अनिश्चित असते. इथे रजिस्टर हा शब्द काढून काम भागत नाही, व्होलाटाइल लावावा लागतो. जीसीसीचा -डब्ल्यूक्लॉबर्ड इशारा, जो -डब्ल्यूएक्स्ट्रामध्ये येतो, अशा जागा दाखवतो. तो बंद करू नका.

डीबगरमध्ये व्हेरिएबल दिसत नाही तेव्हा

-ओ२ -जी ने बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये जीडीबी या डीबगरला प्रिंट आय विचारले तर अनेकदा ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ असे उत्तर येते. याचे दोन अर्थ निघतात. एक, व्हेरिएबल पूर्ण नाहीसे झाले, जसे क्लँगच्या सूत्रात झाले. दोन, त्याचा शेवटचा वापर होऊन गेला आणि ते रजिस्टर दुसऱ्या किमतीला दिले गेले. ‘इन्फो ॲड्रेस आय’ विचारा. -ओ० ला रजिस्टर व्हेरिएबलसाठी तो एका रजिस्टरचे नाव सांगेल. -ओ२ ला ‘मल्टी-लोकेशन’ म्हणून कोडच्या कोणत्या पट्ट्यात किंमत कुठे आहे याची यादी देईल. त्या यादीतल्या एखाद्या पट्ट्यात ब्रेकपॉइंट लावला की किंमत मिळते. रोजच्या डीबगिंगला -ओजी पुरेसा आहे, तरी त्यातही काही किमती हरवतात. किंमत पाहता यावी म्हणून व्हेरिएबलला व्होलाटाइल लावून ठेवणे आणि ते तसेच रिलीजमध्ये जाणे, हे टाळा.

जिथे रजिस्टर शब्द अजून काम करतो

सी मध्ये त्याचा एक चांगला उपयोग उरला आहे. व्हेरिएबलचा ॲड्रेस पुढे कोणीही घेऊ नये असे वाटत असेल, तर रजिस्टर ही कंपायलरकडून पाळली जाणारी ताकीद आहे. सहा महिन्यांनी कोणी &काउंट लिहिले तर कोड कंपाइलच होणार नाही. मोठ्या मॅक्रोंमध्ये याचा फायदा होतो.

दुसरा उपयोग जीसीसीच्या विस्ताराचा: रजिस्टर लाँग एक्स एएसएम(“आर१०”) असे लिहून ठरावीक रजिस्टर मागणे. ६४ बिट एक्स८६ लिनक्सवर सिस्टिम कॉलचे चौथे, पाचवे, सहावे आर्ग्युमेंट आर१०, आर८ आणि आर९ मध्ये जावे लागते आणि या तिघांसाठी इनलाइन असेंब्लीत वेगळे अक्षर नाही, म्हणून ही सोय लागते. लोकल व्हेरिएबलच्या बाबतीत जीसीसी एकाच गोष्टीची हमी देतो: इनलाइन असेंब्लीला ते व्हेरिएबल दिले, तर त्या क्षणी किंमत त्या रजिस्टरमध्ये असेल. एरवी ती कुठेही असू शकते. नेहमीची चूक अशी: पहिल्या रजिस्टर व्हेरिएबलला किंमत दिली, दुसऱ्याला किंमत देताना फंक्शन कॉल केला. त्या कॉलने पहिले रजिस्टर पुसून टाकले. आधी सगळ्या किमती साध्या व्हेरिएबलांत काढा, मग रजिस्टर व्हेरिएबलांत ठेवा, आणि लगेच पुढच्या ओळीत असेंब्ली लिहा.

जुन्या कोडमधून शब्द काढताना

सी++ ने हा शब्द २०११ च्या स्टँडर्डमध्ये नापसंत ठरवला आणि २०१७ च्या स्टँडर्डमध्ये काढला. जीसीसी ११ पासून सी++ साठी निदान २०१७ ची भाषा गृहीत धरली जाते, त्यामुळे जुन्या सी हेडर फाइल सी++ मध्ये घेणाऱ्यांना एकाएकी -डब्ल्यूरजिस्टरचे इशारे दिसू लागतात. क्लँग तर त्या स्टँडर्डला थेट एरर देतो. सी मध्ये शब्द अजून वैध आहे.

काढायचे ठरवले तर आधी ग्रेप या शब्द शोधणाऱ्या कमांडने सगळ्या जागा शोधा आणि ज्या ओळींत एएसएमही आहे त्या वेगळ्या काढा. बाकीच्यांतला शब्द काढून आधीची आणि नंतरची -ओ२ असेंब्ली डिफने ताडून पाहा. घाईत कमांड लाइनवर रजिस्टर या शब्दाचाच रिकामा मॅक्रो करून सगळे उडवण्याची युक्ती काही जण वापरतात. एएसएम असलेल्या ओळींत ती घातक ठरते. लोकल व्हेरिएबल असेल तर जीसीसी फक्त इशारा देतो आणि एएसएमचा भाग दुर्लक्षित करून पुढे जातो. सिस्टिम कॉलला चुकीचे आर्ग्युमेंट मिळते. ग्लोबल असेल तर इशाराही येत नाही, कारण रजिस्टर नसलेल्या ग्लोबलपुढच्या एएसएमचा अर्थच निराळा आहे: असेंब्लीत या व्हेरिएबलला हे नाव द्या. स्टॅक पॉइंटर वाचणारे व्हेरिएबल मग आरएसपी नावाची मेमरीतली एक साधी जागा होऊन बसते.